आधी आपण विचारायचं

माणसं सुट्टीत नायगारा बघायला जातात, फ्लोरिडाला जातात, अगदीच काही सुचलं नाही तर टेक्सासात अर्विंगला राहणाऱ्या मावसबहिणीकडे चार दिवस पाहुणचार झोडतात. ऐन जानेवारीत, एकटीने, दिवसभर रेल्वेत बसून माँटपेलियरला कोणी जात नाही. उपासना मेश्राम गेली. म्हणायला व्हरमाँट राज्याची राजधानी, पण वस्ती जेमतेम आठ हजार. आपल्याकडे एवढ्या गावाला धड एसटी स्टँड मिळत नाही आणि इथे सोनेरी घुमटाची विधानसभा!

गाव नुसतं बघायचं नव्हतं, त्याच्याबद्दल ठरवायचं होतं. तिथल्या एका छोट्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. काम वाचनालयांच्या सॉफ्टवेअरचं, पगार जर्सी सिटीपेक्षा कमी, पण व्हिसा ट्रान्सफर करायला तयार. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवं होतं. सगळे इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाले होते, त्यामुळे राहायचं ते गाव आधी डोळ्यांनी बघावं म्हणून ती गुरुवारी रात्री येऊन उतरली. आज शुक्रवार होता.

शेवटच्या इंटरव्ह्यूत तिने मॅनेजर हेलनला एकच प्रश्न विचारला होता, तुमच्या ऑफिसात इंडियन किती? हेलन बिचारी ओशाळली. एकही नाही, म्हणाली, तुला कदाचित एकटं वाटेल. उपासनाच्या जिवात जीव आला.

जर्सी सिटीत तिच्या टीममध्ये पाच मराठी डोकी होती. दुपारी एक टेबल पकडायचं, सगळ्यांचे डबे मधोमध उघडायचे आणि ज्याला जे आवडेल ते त्याने ओढायचं, असा दोन वर्षांचा रिवाज. परीक्षित नावाचा टीम लीड तर तिच्या वांग्याच्या भाजीवर असा तुटून पडायचा की तिच्या वाट्याला नुसता रस्सा उरायचा. मग दिवाळी पार्टीच्या यादीसाठी पूर्ण नावं मागवली गेली. तोवर ऑफिसात सगळं पहिल्या नावावर चालायचं, ती सगळ्यांना नुसती उपासना होती. यादीत ‘मेश्राम’ आलं आणि पुढच्या सोमवारी परीक्षितला बरोबर एक वाजता मीटिंग निघाली. मंगळवारी आश्लेषाला भूक नव्हती. बुधवारी शंतनूने डाएट धरलं. महिन्याभरात त्या टेबलावर एकच डबा उघडू लागला. कोणी वावगा शब्द बोललं नाही, हेच तर वाईट. शिवी दिली असती तर एचआरकडे नेता आली असती. वांग्याची भाजी कोणी खात नाही, ही तक्रार कोणत्या फॉर्मवर लिहायची?

म्हणून माँटपेलियर. जिथे नाव विचारतील आणि आडनाव ऐकून त्यांना काहीही कळणार नाही, असं गाव.

सकाळी साडेआठला ती बाहेर पडली तेव्हा थंडीने श्वास नाकातच गोठत होता. मेन स्ट्रीट म्हणावी तर अर्ध्या तासात दोनदा फिरून झाली. नदी गोठलेली. एका पुस्तकाच्या दुकानाच्या दारावर मागच्या पुराच्या पाण्याची रेघ तशीच ठेवलेली, आणि आत म्हातारा मालक शांतपणे पुस्तकं लावत बसलेला. त्याने विचारलं, कुठून आलीस? ती म्हणाली, जर्सी. तो म्हणाला, अरेरे, आणि हसला. बस्स, चौकशी संपली. उपासना बाहेर आली आणि बऱ्याच महिन्यांनी तिला एकटीलाच हसू आलं. मनातल्या मनात तिने ‘हो’ म्हणून टाकलं होतं. उत्तर लिहायचं तेवढं बाकी होतं.

विधानसभा सगळ्यांना उघडी होती. ना पास, ना कोणाची चिठ्ठी. ती आत शिरली आणि नेमका नागपूरहून आईचा फोन आला.

“हो गं आई, खाल्लं. थंडी आहेच गं, जानेवारीत काय ऊन पडणार आहे? ठेवते, इथे शांतता लागते.”

तिने फोन ठेवला आणि मागून आवाज आला, “मराठी का तू?”

तिने फोन घाईने खिशात घातला. मागे वळली तर साठी उलटलेला, गोरटेला, नीट भांग पाडलेला एक गृहस्थ. कोटावर स्वयंसेवक गाइडचा बिल्ला, त्यावर नुसतं ‘शेखर’.

“चंद्रशेखर खरं म्हणजे, पण इथे कोण म्हणणार एवढं लांबलचक? शेखरकाका म्हण. बत्तीस वर्षं झाली मला या गावात. हायवे डिपार्टमेंटमधून रिटायर झालो, आता पाहुण्यांना बिल्डिंग दाखवतो. या लॉबीत मराठी ऐकलं ते आज पहिल्यांदा! एकटीच आलीस? वा, वा. गाव कोणतं तुझं?”

पहिली पायरी. उपासनाला ही शिडी पाठ होती. आधी गाव, मग गावातली वस्ती, मग शाळा, मग वडील काय करतात, मग देवधर्म, आणि सगळ्यात वर आडनाव. कोणी भरभर चढतं, कोणी गोड बोलत चढतं, पण चढतात सगळे.

“नागपूर,” ती म्हणाली.

काकांचं हसू क्षणभर अडकलं आणि पुन्हा सुरू झालं. “अरे वा. नागपुरात कुठे?”

“धरमपेठ,” तिने ठोकून दिलं. घर होतं इंदोऱ्यात. पण इंदोरा म्हटलं की उरलेल्या पायऱ्या समोरचा एका उडीत चढतो.

“धरमपेठेत कुठे?”

“ट्रॅफिक पार्कजवळ.”

“कोणती गल्ली?”

“काका, ही फरशी किती जुनी आहे?” तिने विचारलं.

काकांनी फरशीची माहिती दिली. काळ्या संगमरवरात समुद्री जीवांचे ठसे होते, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. आणि त्याच श्वासात त्यांनी तिची शाळा विचारली. सिनेटच्या दालनात नेलं, तिथल्या खुर्च्या दीडशे वर्षांच्या, हे सांगितलं, आणि वडील काय करतात ते विचारलं. रेल्वेत होते, ती म्हणाली, आणि हे तरी खरं होतं. बाहेर पायऱ्यांवर येऊन त्यांनी घुमटाकडे बोट केलं.

“वर ती मूर्ती दिसते? शेतीची देवता. बाकी, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?”

“दीड,” उपासना म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःची शिसारी आली. वडिलांनी बावीस प्रतिज्ञा तिच्याकडून सातव्या वर्षी पाठ करून घेतल्या होत्या. ते असते तर रागावले नसते, नुसते गप्प बसले असते. सकाळपासूनचा आनंद कुठल्या कुठे गेला. इथेही हेच करायचं असेल तर जर्सी सिटी काय वाईट होती? तिथे निदान भाडं कंपनी देत होती.

“येते काका. एका नोकरीचं बघायला आलेय, त्यांना आज उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली. कंपनीचं नाव सांगितलं, तिथेच चुकलं.

“म्हणजे हेलनची कंपनी? अगं, हेलन आमची शेजारीण! भिंतीला भिंत नाही एवढंच. मग तर तू इथलीच झालीस. आता तुला जेवल्याशिवाय सोडतो होय? माझी ड्युटी बाराला संपते. तोवर आत बस, मग घरी चल. काकू वाटच बघत असते कोणी मराठी येईल म्हणून.”

वडीलधाऱ्या माणसाने जेवायला चल म्हटलं की नाही म्हणायला जीभ वळत नाही. आणि आता तर हा माणूस मॅनेजरचा शेजारी निघाला होता. उपासना चुपचाप लॉबीतल्या बाकावर बसून राहिली आणि बाराला त्यांच्या गाडीत बसली. प्रश्नांपासून सुटायचं तर प्रश्न विचारावेत, म्हणून तिने विचारलं, “काका, तुम्ही मूळचे कुठले?”

“पुणे. सदाशिव पेठ. वैद्य आम्ही.” हे त्यांनी पाढा म्हणावा तसं एका दमात सांगितलं.

“पुण्यात दोन वर्षं जॉब केलाय मी. सदाशिव पेठेत कुठे?”

“अगं, आता सगळं बदललं,” काका म्हणाले आणि त्यांनी गाडीचा हीटर वाढवला.

घर टेकडीवर, लाकडी, नीटनेटकं. दारात वीणाकाकू उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, हाताला पीठ. काकांनी जोडे काढता काढताच सांगितलं, “वीणा, बघ कोण आणलंय. नागपूरची आहे. धरमपेठेतली.” शेवटच्या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की जणू काकूंना सावध करत होते. काकूंनी उपासनाकडे पाहिलं, तिच्या गोठलेल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आधी हात शेक, बाई.”

भिंतीवर एका मुलीचे फोटो होते. अंतरा, त्यांची एकुलती एक. सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरीला, मे महिन्यात लग्न. नवरा मुलगा वीर, त्याचं घराणं पुण्याचं, मोठं, जुनं. काका हे सगळं सांगत होते आणि काकू पानं वाढत होत्या. पाटवडीचा रस्सा होता, लाल तर्रीचा. पहिल्या घासाला उपासनाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने आणि आठवणीनेही.

“सांबार घालू का वरून?” काकूंनी विचारलं आणि लगेच ओठ मिटले. हातात कोथिंबीर होती. कोथिंबिरीला सांबार म्हणतात ते वऱ्हाड-नागपूरकडे, सदाशिव पेठेत नव्हे.

“काकू, तुम्ही आमच्याकडच्या का?”

“तिचं आजोळ तिकडचं,” उत्तर काकांनी दिलं, तेही घाईने. मग पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि शेवटच्या पायरीवर पाय टाकला. “तुझं आडनाव नाही सांगितलंस अजून.”

तिच्या जिभेवर दोन-तीन आडनावं तयार होती. देशपांडे म्हटलं असतं तरी खपलं असतं. उद्या नोकरीचे कागद झाले की हेलनच्या तोंडून खरं कळेल, हेही तिला माहीत होतं. पण त्याचा हिशेब तिने केला नाही. सकाळचं ते ‘दीड’ अजून तोंडात कडू होतं, आणि दिवसातून दोनदा तशी चव घ्यायची तिची तयारी नव्हती.

“मेश्राम,” ती म्हणाली. “आणि धरमपेठ नाही, इंदोरा. आमच्याकडे गणपती बसत नाही. मघाशी खोटं बोलले मी. सॉरी.”

काकूंचा डाव रश्श्याच्या भांड्यात तसाच राहिला. काका उठले, खुर्ची मागे कलंडता कलंडता राहिली, आणि आत निघून गेले. आतून नळाचा आवाज येऊ लागला.

पुढचं उपासनाला तोंडपाठ होतं. आता कोणाला तरी काम आठवेल, कोणाचं तरी डोकं दुखेल. ते होण्याआधी आपणच उठलेलं बरं. तिने पान बाजूला सारलं. “येते मी काकू. जेवण फार छान होतं.”

काकूंनी तिचं मनगट धरलं. “बस.”

“नको काकू. मला सवय आहे.”

“बस म्हणते ना!”

काका परत आले. तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल. ते उभ्याउभ्याच म्हणाले, “इंदोऱ्यात कुठे?”

आता मात्र उपासनाचा तोल गेला. “अजून काय राहिलंय विचारायचं? गल्ली सांगू? घर नंबर सांगू?”

“विहाराच्या मागे एक पिठाची गिरणी होती. आहे का अजून?”

“आहे,” तिच्या तोंडून निघालं.

“तिच्या बाजूचं घर आमचं,” काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मग सगळं निघालं. इंजिनिअर झाल्यावर पुण्यात नोकरी लागली, तिथे भाड्याने खोली मिळेना. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. सतरा घरं झाल्यावर त्यांनी गॅझेटमध्ये नाव बदलून वैद्य केलं आणि अठराव्या घरात खोली मिळाली. अमेरिकेत आले तेही वैद्य म्हणून. अंतरा इथे जन्मली, वैद्य म्हणून वाढली. तिला काहीच माहीत नव्हतं.

“मग मला सकाळपासून एवढं सोललंत कशाला?” उपासनाने विचारलं. “तुम्हाला तर कळायला हवं होतं, कसं वाटतं ते!”

“भीतीने,” काका म्हणाले. “समोरच्याने विचारायच्या आत आपण विचारायचं. विचारणाऱ्याला कोणी विचारत नाही. तीस वर्षं हेच केलं मी. नागपूर म्हणालीस तेव्हा घाबरलोच मी. म्हटलं, ही मला ओळखणारी निघाली तर? धरमपेठ म्हणालीस तेव्हा कुठे घरी आणायचा धीर आला.”

मग काकांनी चक्क हात जोडले, तिच्यापुढे, तिच्या बापाच्या वयाच्या माणसाने.

“पोरी, एक मागतो. ही नोकरी घेऊ नकोस. निदान आत्ता नको. मे महिन्यात अंतराचं लग्न आहे, वीरच्या घरची माणसं इथे येणार आहेत.”

“मी कोणाला काही सांगणार नाही, काका.”

“माहीत आहे. तू नाही सांगणार. पण या आठ हजारांच्या गावात मला तुझ्यासमोर रोज खोटं बोलावं लागेल. ते मला जमणार नाही गं.”

उपासनाला कोणी ओरडलं असतं तर ती भांडली असती. जोडलेल्या हातांशी काय भांडणार? जर्सी सिटीत तिला उठवलं ते तिचा डबा न खाणाऱ्यांनी. इथे आपल्याच गल्लीतला माणूस, पोटभर जेवू घालून, ऊठ म्हणत होता, आणि त्याची भीती तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी दीड दिवसाचा गणपती तिनेच नव्हता का बसवला? घड्याळात साडेतीन झाले होते. तिने फोन काढला आणि हेलनला लिहायला घेतलं. आपण विचार केल्याबद्दल आभारी आहे, परंतु काही वैयक्तिक कारणांमुळे. पुढची ओळ सुचत नव्हती. डोळ्यांतून पाणी फोनवर पडलं तसं अक्षर दिसेना.

“काय लिहून राहिली?” काकूंनी विचारलं. पुण्याचा मुलामा पार उतरला होता.

“नाही म्हणून कळवतेय.”

“माझ्या घरात बसून? माझ्या पानावर बसून?” काकू उभ्या राहिल्या. “आणि तुम्ही काऊन हात जोडून राहिले तिच्यापुढे? पुण्यात त्या सतरा जणांपुढे जोडले ते पुरले नाहीत का? ते तुम्हाला नाही म्हणाले. आज तुम्ही हिला नाही म्हणून राहिले. मग नाही म्हणणारे अठरावे तुम्हीच झाले ना!”

काकू उपासनाकडे वळल्या. “माझ्या बापाने मोठ्या हौसेने रमाबाई नाव ठेवलं होतं माझं. यांनी विमानात बसायच्या आधी वीणा केलं. बत्तीस वर्षं मी या नावाला ओ देते. पुरे झालं.”

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, अंतराला लावला आणि स्पीकरवर टाकला. “थांब! अगं लग्न मोडेल तिचं!” काका ओरडले. पलीकडे रिंग जात होती.

“आई? आय ॲम ॲट वर्क. व्हॉट हॅपन्ड? इज बाबा ओके?”

“बाबा ठीक आहेत. तुला माझं नाव सांगायला फोन केला. माझं नाव वीणा नाही. रमाबाई आहे.”

“व्हॉट?”

“बाकीचं बाबा सांगतील.” आणि त्यांनी फोन काकांच्या पानासमोर ठेवला.

काका त्या फोनकडे बघत होते. उपासनाला उठून जावंसं वाटलं, पण हलायची हिंमत झाली नाही. रश्श्यावर तेलाची साय धरली होती. काकू खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या.

“बाबा? यू आर स्केअरिंग मी.”

काकांनी फोन जवळ ओढला.

“अंतरा, बेटा,” ते म्हणाले, “आपलं आडनाव वैद्य नाही. ते मी घेतलेलं. आपलं आडनाव रामटेके. आपण पुण्याचे नाही. नागपूरचे, इंदोऱ्याचे. आपण बौद्ध. आधीचे महार. शाळेत तुला जे वाचायला दिलं होतं ना, जातीवरचं, आणि मी म्हणालो होतो की ते जुनं झालं, ते आपल्याबद्दल होतं.”

पलीकडून काहीच आलं नाही. मे महिन्यातलं लग्न राहणार की जाणार, ते त्या शांततेत कोणालाच कळत नव्हतं. उपासनाने हेलनसाठी लिहिलेलं सगळं पुसलं. त्या जागी दोनच ओळी लिहिल्या, नोकरी स्वीकारते, एक तारखेपासून येते. खाली पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं. मग तिने आपलं पान पुन्हा पुढे ओढलं, कारण आता ती इथून उठणार नव्हती.

बऱ्याच वेळाने फोनमधून आवाज आला. आईबापांशी इंग्रजीतच बोलणारी ती मुलगी अडखळत मराठीत म्हणाली, “परत सांगा, बाबा. हळू सांगा. आपलं आडनाव काय?”

काकांनी परत सांगितलं.